चतुर्थीची ओहोटी

आप्पा, तुमचा तेरावा झाला. जेवायला बिल्डिंगमधली सगळी होती, आणि पंगतीत तुमच्याबद्दल जे जे बोललं गेलं त्यातलं निम्मं तरी तुम्ही तिथल्या तिथे खोडून काढलं असतंत. तुम्ही फार शांत स्वभावाचे होता, असं दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं. मी मान खाली घालून पापड मोडत बसले.

मला फारसं रडू आलं नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. सकाळचा चहा झाला, छाती जरा आवळल्यासारखी वाटतेय म्हणालात, आणि खुर्चीतच गेलात. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाला याहून बरं जाणं मिळत नाही, आणि तुम्हीही हेच म्हणाला असतात. मला जाचतंय ते वेगळंच. गेली तीन वर्षं तुम्ही असं धरून चालला होता की तुमचं डोकं हळूहळू निकामी होत चाललंय. तसं काही नव्हतं. हे मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.

सांगते, पण माझ्या पद्धतीने. मध्ये तोडू नका.

बेव्हर्ली पार्कात आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी लालबागची, आणि मीरा रोडला समुद्र आहे हेच मला ठाऊक नव्हतं. समुद्र म्हणजे चौपाटी, तिथे भेळ. तुम्ही जिन्यात गाठून विचारलंत, "रविवारी काय करता?" मी म्हटलं, झोपते. तुम्ही म्हणालात, "झोपायचं ते दुपारी झोपा. सकाळी उत्तनला चला, ओहोटी आहे." ओहोटी असण्याचा आणि माझ्या झोपेचा काय संबंध, हे मला कळेना. पण तुमच्याबरोबर काकू पोहे घेऊन येणार होत्या, म्हणून आले.

तेव्हापासून दर रविवारी निदान सात-आठ डोकी जमायची, कधी अकरा-बारा. बहुतेक साठीच्या आसपासची, आणि त्यात मी पन्नाशीची म्हणजे सगळ्यात तरणी. बाकीचे लोक किनाऱ्यावर जातात ते सुट्टी बघून, नाहीतर ऊन बघून. तुम्ही तिथी बघून जायचात. तुमच्या वडिलांची रायगडच्या खाडीत होडी होती, तिच्यातून माल यायचा-जायचा, आणि त्यांनी तुम्हाला शिकवलेला हिशेब तुम्ही काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझरकीची सगळी वर्षं काढूनही विसरला नव्हता. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. तेवढे वाजता पूर्ण भरती. तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अष्टमी असेल तर सहाला भरती, बाराला ओहोटी. मला हे पाठ व्हायला एक पावसाळा लागला.

म्हणून प्रत्येक जागेची तुमच्याकडे तिथी ठरलेली. भाईंदरच्या मिठागरात फ्लेमिंगो बघायचे तर अमावास्येच्या आसपास आणि दुपारी, कारण मोठ्या भरतीला खाडीतला चिखल बुडतो आणि ते नाइलाजाने मिठागरात येऊन उभे राहतात. वरसावे पुलाखालची खाडी बघायची ती पाणी उतरताना, तेव्हा तिची ओढ कळते. घोडबंदरचा किल्ला कधीही, कारण "दगडाला तिथी नसते." डोंगरीच्या टेकडीवर मात्र तुम्ही संध्याकाळी कधीच नेलं नाहीत. सूर्यास्ताचा तुम्हाला राग होता. मी एकदा हट्ट धरला तर म्हणालात, "सूर्यास्त गच्चीवरून बघ. त्याला बसचं तिकीट कशाला?"

आपली भांडणं तर विचारूच नका. घोडबंदरच्या किल्ल्याची डागडुजी झाली तेव्हा मला तो छान दिसतोय असं वाटलं, आणि तुम्ही परतीच्या बसमध्ये माझ्याशी बोलला नाहीत. नंतर ती दिवाणखान्यावरून झालेली भांडाभांडी. उत्तनच्या पुढे चौक गाव, त्याच्या पलीकडे तो सपाट कातळ, ओहोटीला उघडा पडणारा, दहा-बारा माणसं मांडी घालून बसतील एवढा. त्याला दिवाणखाना हे नाव काकूंनी दिलं. मधल्या डबक्यांत खेकडे, बोट लावलं की मिटणारी समुद्रफुलं, आणि समोर खाडीच्या पलीकडे वसईच्या किल्ल्याची भिंत. मी त्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकणार होते. तुम्ही म्हणालात, टाकलास तर पुढच्या रविवारी तिथे वेफर्सच्या पिशव्या मोजायला ये. मी म्हटलं, समुद्र काय तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे का. तुम्ही म्हणालात, "नाही. म्हणूनच." हे भांडण तसंच राहिलं. व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होता, आणि तो फोन पाण्यात गेला.

तर तो दिवस.

दिवाणखान्याला जायला तुम्ही चतुर्थीच पकडायचात. पौर्णिमेला ओहोटी सकाळी सव्वापाचची, इतक्या लवकर बायका निघत नाहीत. पंचमी उलटली की पाणी पुरेसं उतरत नाही, कातळ आणि किनारा यांच्या मधली घळ भरलेलीच राहते. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी. साडेआठला कातळावर चढायचं, पोहे खायचे, पावणेदहाला उतरायचं. घळीत तेव्हा घोट्याएवढं पाणी असतं. किती वेळा गेलो असू, कोणाची चप्पलसुद्धा भिजली नव्हती.

त्या आठवड्यात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात थेंब, काळा चष्मा, वाचायची मनाई. शनिवारी तुम्ही मला फोन केलात. "शुभा, उद्याची तिथी बघून सांग." मी स्वयंपाकघरात होते. कॅलेंडर समोरच होतं. उद्याच्या चौकोनात गणपतीचं चित्र, खाली संकष्ट चतुर्थी, चंद्रोदय इतक्या वाजता. मी गेली पंचवीस वर्षं संकष्टी करते, मला ते चित्र लांबूनच ओळखू येतं. मी म्हटलं, "चतुर्थी." तुम्ही विचारलंत, "नीट बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं हो आप्पा, साबुदाणा भिजत घातलाय मी."

संकष्टी धरतात ती चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी. सकाळी तृतीयाच असू शकते. हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलं होतं, आणि चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तृतीया छापलेलं होतं. मी चित्र बघितलं, अक्षरं बघितली नाहीत. उपास करणाऱ्या बाईकडूनच होणारी चूक. उपास न करणारी निदान वाचून तरी सांगेल.

तृतीया म्हणजे सव्वादोनला भरती, सव्वाआठला ओहोटी. पाऊण तासाचा फरक.

आपण अकरा जण होतो. कातळावर बसून अर्धा तास झाला असेल, तुम्ही काळा चष्मा वर करून घळीकडे बघितलंत आणि मला म्हणालात, "पाणी वळल्यासारखं वाटतंय." तुमचं ते वाक्य मी अजून ऐकते. तुम्ही ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ते बघितलं होतंत. मी राजगिऱ्याचा लाडू खात होते. म्हटलं, "आप्पा, अजून पाऊण तास आहे." तुम्ही मान हलवलीत आणि आपल्या बिल्डिंगमधल्या जिग्नाबेनना खेकड्याची नर-मादी कशी ओळखायची ते सांगायला लागलात. तुम्ही तुमच्या डोळ्यांपेक्षा माझ्या कॅलेंडरवर विश्वास ठेवलात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पावणेदहाला उठलो तेव्हा घळीत कमरेएवढं पाणी होतं, आणि ओढ होती. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी रोजामावशी केव्हापासून हात करत होती म्हणे, आपल्याला वाटलं नमस्कार करतेय. शेवटी ती लुगडं खोचून पाण्यात शिरली, होड्यांवरचे तीन बाप्ये आले, आणि हाताला हात धरून त्यांनी एकेकाला पलीकडे काढलं. जिग्नाबेन दगडाला चिकटलेल्या धारदार कालवांवर घसरल्या, गुडघ्याला पाच टाके पडले. काकूंचा पोह्यांचा डबा वाहून गेला. सगळ्यात शेवटी तुम्ही आलात. चष्मा नव्हता, डोळा लाल झाला होता.

रोजामावशी तुमच्यावरच घसरली. "म्हातारं मानूस तू, तुला पानी कलत न्हाय? पानी केव्हाचं भरतंय."

तुम्ही म्हणालात, "अहो, आज चतुर्थी ना? नऊची ओहोटी."

"कोनी सांगितली चौथ? आज तीज हाय. चौथ लागंल संध्याकालला."

मला तिथेच सगळं कळलं. सगळे ओले, जिग्नाबेनच्या गुडघ्यातून रक्त, आपल्यातल्या सावंतांचा फोन बंद पडलेला, आणि सगळे तुमच्याकडे बघतायत. तुम्ही माझ्याकडे वळलात. रागाने नाही, नुसतं तपासायला म्हणून विचारलंत, "शुभा, काल तू काय सांगितलं होतंस? तृतीया की चतुर्थी?"

मी म्हटलं, "तृतीया."

आप्पा, मी दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते. डॉक्टर निघालेत, पाच मिनिटांत पोचतायत, असं मी दिवसातून वीस वेळा सांगते आणि डॉक्टर तेव्हा घरी आंघोळ करत असतात. तितक्याच सहज आलं ते. विचार करायला वेळ मिळाला असता तर कदाचित खोटं बोलले नसते.

तुम्ही सगळ्यांकडे वळून हात जोडलेत. "माझं चुकलं. हिने बरोबर सांगितलं होतं. माझ्या डोक्यात चतुर्थी कुठून बसली, देव जाणे."

त्या वाक्यानंतर मी बोलायला हवं होतं. बसमध्ये बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी येऊन, काकू चहा टाकत असताना. मी आले तेव्हा तुम्ही तुमच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगत होतात. तो गावाला शेवटी शेवटी दुसऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसायचा आणि आपलं घर कुठलं ते विचारायचा. "त्याचं पण असंच सुरू झालं होतं. सांगितलेलं एक, डोक्यात दुसरं." मी तुमच्यासमोर बसून चहा प्यायले. बिस्किटसुद्धा खाल्लं.

पुढच्या रविवारी तुम्ही खाली आला नाहीत. "आता तूच ने त्यांना," म्हणालात. "माणसांचा जीव आहे. माझा भरवसा नाही." मी न्यायला लागले. फोनवर भरतीची वेळ मिनिटासकट येते, तिथी लागतच नाही. लोक खूश होते. मी तर म्हणेन, जरा जास्तच खूश होते, बिल्डिंगमध्ये मला मान मिळायला लागला. उत्तनजवळच्या पालीच्या किनाऱ्यावर मी आता समुद्रफुलांची माहिती देते, तुमच्याच शब्दांत. आणि ज्यांनी आम्हा सगळ्यांना समुद्र दाखवला ते तुम्ही त्यानंतर एकदाही समुद्रावर गेला नाहीत. गार्डनमधल्या बाकावर बसायचात. रविवारी संध्याकाळी मला थांबवून विचारायचात, पाणी कुठपर्यंत होतं, बगळे किती होते. मी सांगायची. तुम्ही ऐकून घ्यायचात, आणि निघताना म्हणायचात, "बरं केलंस." मला ते नकोसं व्हायचं. मग मी मागच्या गेटने जायला लागले.

डॉक्टरकडची गोष्ट तुम्ही हसत सांगितलीत. स्मरणशक्तीची तपासणी. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, तर तुम्ही पार खाली दोनापर्यंत गेलात आणि पुढे जाऊ का विचारलंत. डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. मी म्हटलं, "बघा, मी सांगत नव्हते?" तुम्ही म्हणालात, "त्याला काय कळतंय. त्याने वजाबाकी विचारली. भरती विचारली असती तर समजलं असतं."

त्या दिवशी अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर दोन वर्षं झाली होती. एका दिवसाचं खोटं मोडता येतं, दोन वर्षांचं मोडायचं म्हणजे ती दोन वर्षं का घालवलीस याचं उत्तर द्यावं लागतं. मी स्वतःला समजावलं की तसंही तुमचं वय झालंय, गुडघे दुखतात, कधीतरी थांबणारच होतात. असं मी स्वतःला बरंच काही समजावलं. तुम्ही मला पाणी वाचायला शिकवलंत, पन्नाशीच्या बाईला कोणी नवीन काही शिकवत नाही, आणि मी तुमच्याशी असं वागले. मला माझी लाज वाटते.

परवाच्या रविवारी सगळे उत्तनला गेलो होतो, काकूंना घेऊन. कोणीतरी म्हणालं, आप्पांच्या नावाने एकदा जाऊन येऊ या. पाणी मध्यावर होतं, ना भरती ना ओहोटी. तुम्ही असल्या वेळी कोणाला आणलं नसतंत. वाळूत चटया टाकून बसलो आणि प्रत्येकजण तुमच्याबद्दल थोडं थोडं बोलायला लागला. जिग्नाबेन म्हणाल्या, "अंकल जैसा आदमी नहीं मिलेगा. बस, लास्ट में थोड़ा भूलने लगे थे, बेचारे." सावंत म्हणाले, हो, वयोमानाने होतं, आमच्या वडिलांचंही झालं होतं. मग दिवाणखान्याची गोष्ट निघाली. आता ती हसत सांगतात. आप्पांची तिथी चुकली आणि आपण सगळे बुडता बुडता वाचलो. काकू ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या.

मला दिसलं की हे आता असंच राहणार. पाच वर्षांनी तुमची आठवण निघाली की हेच निघेल. सगळा किनारा तिथीवर पाठ असलेला माणूस, आणि शेवटी तिथी विसरला.

मी म्हटलं, "आप्पा विसरले नव्हते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मराठीत सांगितलं, मग जिग्नाबेनसाठी हिंदीत. फोन, गणपतीचं चित्र, बारीक अक्षरं. नंतर वाळूत उभं राहून तुम्ही काय विचारलंत आणि मी काय उत्तर दिलं. रडले वगैरे नाही. क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट रद्द झाली म्हणून सांगते, तशाच आवाजात सांगितलं.

जिग्नाबेननी साडीवरूनच गुडघ्यावर हात ठेवला. "मतलब अंकल की गलती नहीं थी?"

"नहीं. मेरी थी."

सावंत म्हणाले, "जाऊ दे ना शुभाताई, झालं ते झालं. कोणाला काही झालं नाही." बाकीचे लगेच हो हो म्हणाले. मला त्यांचा रागच आला. मला वाटलं होतं शिव्या घालतील, निदान उठून जातील. त्यांना ती एक जुनी सहल होती.

चटया गुंडाळल्या, सगळे बसस्टॉपकडे निघाले, तेव्हा काकू माझ्याबरोबर मागे राहिल्या. पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "मला कशाला सांगितलंस आता?"

मी काखेतल्या चटईची वाळू झटकत राहिले.

"रोज सकाळी चहाच्या आधी कॅलेंडरकडे पाठ करून उभे राहायचे. आजची तिथी, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. घडाघडा म्हणायचे आणि मला सांगायचे, तपास. मी चष्मा लावून तपासायची. तीन वर्षांत एक दिवस चुकले नाहीत, शुभा. ज्या दिवशी गेले त्या सकाळीसुद्धा बरोबर सांगितली. मी रोज म्हणायची, अहो, बरोबर आहे. तर म्हणायचे, आजचं बरोबर आलं, उद्या बघू."

मग त्या चालायला लागल्या. मी हात पुढे केला, वाळूत त्यांना चालवत नाही म्हणून. त्यांनी धरला नाही.

आप्पा, मी चतुर्थीच सांगितली होती. तुम्ही बरोबर ऐकलं होतंत.